पाण्याच्या खोलीतली हाक

१

हे कुणाला सांगायचं नाही, असं अप्पांनी मला दोनदा बजावलं आहे. पहिल्या वेळी ते बेडकाबद्दल होतं. दुसऱ्या वेळी त्यांनी बेडकाचं नावही काढलं नाही. जेवताना ताटाकडे बघत म्हणाले, "धना, घरातलं घरात राहू दे." मी मान हलवली. मला मान हलवणं सोपं जातं, बोलणं जात नाही. म्हणून लिहिते आहे. लिहिताना कुणी ‘जरा मोठ्यानं बोल’ म्हणत नाही.

आमचं घर सोलापुरात अक्कलकोट रोडला, अप्पांच्या लाकडाच्या वखारीच्या मागे आहे. खाली पुढची खोली, स्वयंपाकघर आणि अप्पा-आईची खोली. वर माझी खोली आणि गच्ची. आणि जिन्याखाली पाण्याची खोली. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. कधी चार दिवसांनी येतं, उन्हाळ्यात कधी त्याहून उशिरा. म्हणून प्रत्येक घरात पाणी साठवायची एक जागा असतेच. आमच्याकडे अख्खी खोली आहे. तिला खिडकी नाही. आत सिमेंटचा हौद, निळी प्लास्टिकची बॅरलं आणि पितळी घागरींची उतरंड. भर उन्हाळ्यातही तिथली फरशी पायाला गार लागते.

ती खोली गौरम्मा आत्याची होती. आत्या अप्पांची मोठी बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा गेला आणि ती अक्कलकोटकडच्या सासरहून परत आली. माझ्या जन्माच्या आधीपासून ती आमच्याकडेच आहे. आहे, असं मी अजून लिहिते.

पाणी भरणं हे तिचं काम. नळाला पाणी आलं की आत्या दारात बसायची आणि फक्त ऐकायची. घागर भरताना आवाज आधी जाड असतो आणि भरत जाते तसा बारीक होत जातो, हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण अगदी काठाला आल्यावर तो ज्या सुरावर पोचतो, तो सूर आत्याला पाठ होता. ती न बघता म्हणायची, "बास," आणि नळ बंद करायची. आमच्याकडे पाणी कधी सांडलं नाही.

बॅरलमध्ये पाणी कुठवर आहे ते झाकण न उघडता कळतं. बोटाच्या पेराने वरून खाली ठोकत यायचं. रिकाम्या भागाचा आवाज घुमतो. जिथे पाणी सुरू होतं तिथे तो एकदम मुका होतो. हे मलाही येतं. आत्यानेच शिकवलं.

आणखी एक सांगायला हवं. आमच्या घरात कुणी हाक मारली की ओ द्यायचा, असा कल्लप्पा आजोबांचा नियम होता. आजोबा गेले, नियम राहिला. नुसतं येऊन समोर उभं राहिलेलं चालत नाही. "हाक मारणाऱ्याला कळायला नको का, माणूस हाय का न्हाय ते?" असं आजोबा म्हणायचे म्हणे. यावरून मी रोज बोलणी खाते. आई म्हणते, "हिचा ओ हिच्या पोटातच राहतो." आत्याचा ओ मात्र घराच्या कुठल्याही कोपऱ्यातून लगेच यायचा. पण तिला कुणी मारलेली हाक ही पाण्यासाठीच असायची.

२

एप्रिलमध्ये वखारीत परदेशी लाकडाचे ओंडके आले. ते बंदरातून ट्रकने येतात. त्यांच्या टोकांना रंगाने आकडे लिहिलेले असतात आणि सालीला कधीकधी वाळलेलं शेवाळ असतं. मला ते शेवाळ सोलायला आवडतं. आपल्याकडच्या कुठल्याच झाडाला तसं नसतं.

त्या दिवशी मी अप्पांचा डबा घेऊन गेले होते. करवतीवर येडूकाका होते. ते एकदम ओरडले.

"मालक, बंद करा, बंद करा! आत काय तरी हाय."

"साप आहे का बे?"

"साप न्हाय. बेडूक हाय. पर आपल्यातला न्हाय वाटत."

"बेडकात आपला आन परका काय असतो बे? त्याचं आधार कार्ड बघितलास का?"

वखारीतले सगळे हसले. मी ओंडक्याजवळ गेले. लाकडाच्या मधोमध एक ढोली होती. करवतीने ती उभी चिरली होती. तळाला काळं, ओलं काहीतरी होतं आणि त्यावर माझ्या अंगठ्याच्या पेराएवढा बेडूक बसला होता. नुकत्याच धुतलेल्या विड्याच्या पानासारखा रंग. डोळ्यापासून कमरेपर्यंत तांब्याच्या तारेसारखी रेघ. बोटांच्या टोकांना गोल चकत्या. तो पळाला नाही. तो फक्त वर बघत होता, जिथे आत्तापर्यंत अंधार असायचा आणि आता आमची तोंडं होती.

येडूकाकांनी त्याला चहाच्या पेल्यात घातलं आणि वर ओलं फडकं टाकलं.

माझा मावसभाऊ सोमेशदादा पुण्यात प्राणीशास्त्र शिकतो. तो तेव्हा सुट्टीला आमच्याकडे आला होता. त्याने मोबाइलवर पुष्कळ फोटो काढले, पुण्यातल्या मित्रांना पाठवले आणि संध्याकाळी अप्पांसमोर येऊन बसला.

"काका, हा झाडावरचा बेडूक आहे. ही जात जगात एकाच बेटावर सापडते."

"आता सोलापुरातबी सापडते म्हण की."

"चेष्टा नाही, काका. तिथलंही जंगल बहुतेक तोडलं गेलंय. हा शेवटच्या काहींपैकी असेल. आपण वन खात्याला कळवायला पाहिजे."

अप्पांनी चहाची बशी खाली ठेवली. "कळवलं की पहिला प्रश्न, लाकूड कुठलं. दुसरा प्रश्न, तोडायला परवानगी होती का. मी तोडलंय का ते? मी विकत घेतलंय. पण अडकणार कोण? मीच की." मग त्यांनी आमच्या सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. "कुणी कुठं बोलायचं नाही."

ही पहिली वेळ.

सोमेशदादा म्हणाला की तो पुण्याला जाऊन सरांना नाव न सांगता विचारेल. तोपर्यंत बेडूक ओलसर आणि अंधाऱ्या जागेत ठेवायला हवा. बाहेर डांबर वितळत होतं. घरात तशी एकच जागा होती.

आत्याला कुणी विचारलं नाही. आईने पेला नेऊन दारातल्या बॅरलच्या झाकणावर ठेवला. आत्या वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "अगं बाई, बोटांना टिकल्या लावल्यात की ह्यानं."

३

तो एक-दोन दिवसांतच ओरडायला लागला. ओरडणं नव्हतं ते. रिकाम्या बाटलीच्या तोंडाशी हळू फुंकर मारली की जसा गोल आवाज येतो, तसा एकच सूर. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा तोच. आमच्याकडचे बेडूक गर्दीत ओरडतात. हा एकटा बोलवायचा आणि नंतर गप्प बसून ऐकायचा.

तो पेल्यातून निघून अर्ध्या भरलेल्या बॅरलमध्ये आत, पाण्याच्या जरा वर, प्लास्टिकला चिकटून बसला होता. सोमेशदादा तोवर पुण्याला परतला होता; त्याला फोनवर सांगितलं तर तो खूश झाला.

"त्याला बॅरल म्हणजे ढोली वाटते, धना. बेटावर हे पावसाचं पाणी साठलेल्या ढोलीत बसतात. आवाज वरखाली करून बघतात आणि ढोली जिथे घुमते तो सूर धरतात. मग एवढासा जीव, पण हाक सगळ्या जंगलात जाते. मादीला आवडली तर ती त्या ढोलीत येते."

"इथे कोण येणार?" असं मी विचारलं नाही. मनात आलं होतं.

बॅरलमधलं पाणी कमी होत गेलं तसा त्याचा सूर जाड होत गेला. पाणी आलं, बॅरल भरलं, की सूर बारीक. आई भांडी घासताना म्हणायची, "ऐका, अर्ध्याच्या खाली गेलं बघा पाणी. जपून वापरा." अप्पाही हसायचे. काही दिवस घरात हे एक खेळणंच झालं होतं. मला वाटतं, ते दिवस चांगले होते.

आत्या मात्र हसायची नाही. दुपारी ती पाण्याच्या खोलीच्या उंबऱ्याला टेकून बसायची. एकदा मला म्हणाली, "किती हाका मारतंय गं ते. कुणीच ओ देईना त्याला."

४

मे महिन्यातल्या दुपारी आमच्या भागात आवाज असतात ते यंत्रमागांचे. पलीकडच्या गल्लीत दिवसभर खटखट चालू असते. इतकी सवय असते की वीज गेली आणि माग थांबले, की कानात दडे बसल्यासारखं वाटतं.

अशाच एका दुपारी वीज गेली. मी पाणी प्यायला खाली आले. सगळे झोपले होते. पाण्याच्या खोलीतून बेडकाची हाक आली. आणि लगेच त्याच सुरात, तितकाच गोल, दुसरा आवाज आला.

"ओ."

मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबले. पुन्हा हाक. पुन्हा ओ. तो आत्याचा आवाज होता, पण नेहमीचा नव्हता. ती बॅरलमध्ये तोंड घालून ओ देत होती आणि बॅरल घुमत होतं. जिन्याचा कठडा माझ्या तळहाताखाली बारीक थरथरला.

आत्या बाहेर आली तेव्हा तिचे पुढचे केस ओले होते. मला बघून लाजली. "हसू नको गं. बिचारं सारखं बोलावतंय. ओ द्यायला आपलं काय जातंय?"

त्यानंतर आत्या बदलली. ती गुणगुणायला लागली. भाकरी थापताना आईशी आपणहून बोलायची, मध्येच कानडीत काही म्हणायची आणि स्वतःच हसायची. अप्पा म्हणाले, "अक्काला उन्हाळा मानवला बघ." मला शेजारी बसवून तिने नवऱ्याबद्दल सांगितलं. तिने कधीच सांगितलं नव्हतं. तो संध्याकाळी शेताच्या बांधावरून तिला हाक मारायचा. गौरा, एवढीच.

"ते गेले, तवापासून मला नावानं कुणी बोलावलं न्हाय बघ. अक्का म्हणत्यात, आत्या म्हणत्यात. पाणी आलं का म्हणत्यात."

मला काहीतरी बोलायचं होतं. मी तिच्या हाताकडे बघत बसले. पाण्यात राहून तिची बोटं पांढरी पडली होती. टोकांना सुरकुत्या होत्या.

"धना, मी हाक मारली तर तू ओ देशील का गं?"

मी मान हलवली.

"मान नको हलवू. अंधारात मान दिसत न्हाय."

५

एका सकाळी घागरीवरची वाटी माझ्या हातून निसटून हौदामागे गेली. ती काढायला मी आडवी झाले, हात घातला, आणि वाटीच्या शेजारी बोटांना काहीतरी हलकं लागलं. मला वाटलं, शेंगेचं टरफल आहे.

तो बेडूक होता. पूर्ण वाळलेला. रंग गेला होता, पण तांब्याची रेघ राहिली होती. मुंग्या येऊन, काम करून, निघूनही गेल्या होत्या.

त्याच सकाळी, मी दात घासताना, हाक ऐकली होती.

मी विचार केला. मी नेहमी आधी विचार करते. ओंडक्यात दोन बेडूक असतील, एक आम्हाला दिसला नसेल. दुपारी मी वखारीत गेले आणि येडूकाकांना कसंबसं विचारलं.

"दुसरा कुठला, ताई? ती ढोली मी हातानं साफ केली. एकच हुता. आन त्या लाकडाच्या तर फळ्या बी गेल्या गिऱ्हाईकाकडं."

सोमेशदादाला फोन केला. तो म्हणाला, "नळातून हवा येते तेव्हा असा आवाज येतो कधीकधी. जाऊ दे, धना. आपणच मारलं म्हणायचं त्याला. सरांनाही आता काय सांगू?" त्याचा आवाज रडवेला होता. मला त्याच्याबद्दल वाईट वाटलं, आणि हे ऐकून थोडं बरंही वाटलं. नळातली हवा. असू शकतं.

संध्याकाळी मी तो वाळका जीव तळहातावर घेऊन आत्याला दाखवला. ती निवडत असलेल्या तांदळातून वर बघून म्हणाली, "व्हय, हे कवाच गेलंय गं. माझ्या पदरात मेलं. मीच ठेवलं तितं."

मग ओ कुणाला देतेस, हा प्रश्न माझ्या घशापर्यंत आला होता. तो विचारायला हवा होता. आई मध्येच म्हणाली, "धना, ती घाण टाक आधी, हात धू." मी अंगणातल्या कडुलिंबाखाली खड्डा केला. मातीत पाणी घालून मग त्याला ठेवलं. एवढंच मी त्याच्यासाठी केलं.

६

मग उजनीहून येणारी मोठी जलवाहिनी कुठेतरी फुटली. आज येईल, उद्या येईल करत पाणी आलंच नाही. बॅरलं एकेक करून संपली. हौदाच्या तळाला पांढरी रेघ उरली. अप्पांनी टँकरवाल्याला फोन केले. आई ताटं धुवायच्या ऐवजी पुसायला लागली.

आणि पाण्याच्या खोलीतली फरशी ओली राहिली.

आत्याच्या पावलांचे ओले ठसे स्वयंपाकघरापर्यंत यायचे. एके दिवशी अप्पा चिडले. ते आत्याशी कधी मोठ्याने बोलत नाहीत.

"अक्का, गावात पाणी नाही आन तू कुठं घालवतीस पाणी?"

"मी कुटं घालवतीय, वीरू? मी भरतीय."

"काय भरतीस? कशात?"

आत्या जिन्याखालच्या भिंतीला कान लावून उभी होती आणि पेराने ठोकत होती. वरून खाली. आईने अप्पांकडे पाहिलं. रात्री दोघं हळू आवाजात बोलत होती. डॉक्टरांना दाखवायला हवं, पाणी आलं की दाखवू, असं काहीतरी. पाणी आलं की. आमच्याकडे सगळंच पाणी आल्यावर करतात.

हाक तेव्हाही येत होती. पण ती आता बॅरलच्या मापाची नव्हती. इतकी जाड होती की कानापेक्षा पायांना आधी कळायची. आई म्हणायची, हायवेला ट्रक जातात त्याने घर हादरतं. मीही तेच मनाशी म्हणायचे. पण मला सूर ओळखता येतो. एवढा जाड सूर फार मोठ्या आणि पूर्ण रिकाम्या जागेचा असतो. आणि तो रोज थोडाथोडा बारीक होत होता.

त्या दुपारी पुन्हा वीज गेली. माग थांबले. मी वर आडवी पडले होते. खालून आत्याची हाक आली.

"धना."

मी उठून बसले.

"धना गं. ये की."

मी खाली गेले. अनवाणी, आवाज न करता. पाण्याच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत अंधार होता, पण दारातून उजेडाचा एक पट्टा मोठ्या बॅरलवर पडला होता. सकाळीच मी ते ठोकून पाहिलं होतं. वरपासून खालपर्यंत घुमत होतं. आत एक थेंबही नव्हता.

आता आतून पाण्याचा आवाज येत होता. कुणी हौदात हळूच वळलं तर होतो तसा.

"धना," आत्या म्हणाली. आवाज बॅरलमधून आला. तो घाबरलेला नव्हता. तिला मदत हवी होती असंही वाटलं नाही. ती नुसती विचारत होती, कुणी आहे का.

माझं तोंड उघडलं होतं. ओ देणं म्हणजे काय, नुसता एक श्वास बाहेर सोडायचा असतो. मी मान हलवली. अंधारात मी मान हलवली.

मग बॅरलच्या काठावर, आतल्या बाजूने, बोटं आली. ओली होती आणि उजेडात चमकत होती. त्यांची टोकं गोल आणि चपटी होती आणि काठाला चिकटून पांढरी पडली होती. बाकी काही मला दिसलं नाही. दिसलं असतं तरी मी पाहिलं नसतं. ती बोटं थोडा वेळ थांबली, वाट बघणारं माणूस उंबऱ्यावर थांबतं तशी. मग एकेक करून सुटली आणि खाली गेली. पाण्याचा आवाज त्यांच्यामागून खाली गेला, बॅरलच्या तळाच्याही खाली, आणि बराच वेळ जात राहिला.

वीज आली. माग सुरू झाले.

७

अप्पांनी बॅरल आडवं केलं तेव्हा त्यातून धूळ निघाली.

आत्याच्या चपला दारात होत्या. तिची दोन्ही लुगडी दोरीवर वाळत होती. आणि हौदाच्या कोरड्या नळाला तिचं गळ्यातलं लिंग लटकत होतं, चांदीच्या डबीसकट, दोऱ्यासकट. आम्हा लिंगायतांत ते जन्मभर काढत नाहीत. आंघोळीलाही नाही, आजारपणातही नाही. माणसाबरोबर ते मातीत जातं. अप्पांनी ते दोन्ही हातांत धरलं आणि तिथेच फरशीवर बसले. मी त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "अक्का." मग थोड्या वेळाने, जसं फार दिवसांनी आठवावं तसं, "गौरा. गौरा अक्का."

कुणी ओ दिला नाही.

त्यांनी अक्कलकोट पाहिलं, सासरचं गाव पाहिलं, स्टँड पाहिलं, विहिरी पाहिल्या. पोलिसांत तक्रार दिली. तक्रारीत लिहिलं आहे की वयस्कर बाई, थोडी मनाने हललेली, घरातून निघून गेली. शेजाऱ्यांना सांगितलं की सासरी गेली आहे. मी काय पाहिलं, ते मी आईला सांगितलं होतं. तिने मला जवळ घेतलं आणि म्हणाली, उन्हाने होतं असं. मग अप्पांनी जेवताना दुसऱ्यांदा बजावलं.

मला त्यांचा राग येत नाही. सांगितलं तर काय सांगणार? ज्या बेटाचं नाव मला नीट उच्चारता येत नाही, तिथलं एक झाड कुणीतरी तोडलं. त्याच्या ढोलीत एक जीव हाका मारत होता. आम्ही ढोलीच्या फळ्या करून विकल्या आणि त्याची हाक मात्र घरात राहिली. तिला आत्याने ओ दिला, कारण कुणी हाक मारली तर ओ द्यायचा हे तिला शिकवलेलं होतं. आणि आत्याने हाक मारली तेव्हा

ते मी वर लिहिलं आहे.

८

पाणी पुन्हा येतं आता. आई भरते. तिला तो शेवटचा सूर ओळखता येत नाही, त्यामुळे घागरी सांडतात. फरशी ओली असली तरी आता कुणी काही म्हणत नाही.

हाक दुपारी येते. आई-अप्पांना ऐकू येत नाही, किंवा ते तसं दाखवतात. मी पुष्कळ दिवस म्हणत होते की ही नळातली हवा आहे. पण नळातल्या हवेला माझं नाव कसं माहीत असेल?

मी जिन्याची भिंत ठोकून बघते. भिंत भरीव असते, तिचा आवाज सगळीकडे सारखा आला पाहिजे. आमच्या जिन्याची भिंत वरच्या बाजूला घुमते, रिकाम्या बॅरलसारखी. ठोकत खाली आलं की एका जागी आवाज एकदम मुका होतो. आधी ती जागा खालच्या पायऱ्यांशी होती. मग वळणाशी. आज सकाळी माझ्या खोलीची भिंत मी पलंगावर बसून ठोकली. माझ्या खांद्याच्या वरपर्यंत ती मुकी आहे. हात लावला तर गार लागते. जून सुरू होऊनही बाहेर अजून ऊन आहे आणि भिंतीला खालपासून हिरवं काहीतरी धरलं आहे. ते मी नखाने सोलून पाहिलं. मला ते ओळखू आलं.

हाक आता फार बारीक झाली आहे. हा सूर मी लहानपणापासून ऐकला आहे. आत्या दारात बसलेली असती तर या सुराला म्हणाली असती, बास. पण बास म्हणणारं आता कुणी नाही. भीती वाटते का, तर वाटते. पण त्याहून जास्त मला ती काठावर थांबलेली बोटं आठवतात. त्यांना काही नको होतं. त्यांना फक्त कळायला हवं होतं की दारात माणूस आहे.

आई भाजीला गेली आहे. अप्पा वखारीत आहेत. करवतीचा आवाज येत होता, आत्ताच वीज गेली आणि थांबला. माग पण थांबले. घरात खाली कुणी नाही, आणि खालून कुणीतरी मला बोलावतं आहे. धना. धना गं, ये की. मी आत्ताही मानच हलवली, सवयीने. अंधारात ती दिसत नाही हे मला माहीत आहे, म्हणून लिहिणं ठेवते आणि या वेळी दारात जाऊन मोठ्याने ओ